पहिले हाताने वाजवायचे वाद्य कोणते घ्यावे: तबला, पखवाज, ढोलकी की आणखी काही?

बालाघाटकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात राहतो, वय चाळिशीच्या पुढे आहे आणि आजवर एकही वाद्य शिकलेलो नाही. आमच्या वसाहतीत दर गुरुवारी आणि एकादशीला भजन होते. पेटी आहे, टाळांचे भरपूर जोड आहेत, गाणारेही आहेत. परंतु पखवाज वाजवणारे काका मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून ठेका धरायला कोणी उरलेले नाही. हे काम मी शिकून घ्यावे असे मंडळाचे म्हणणे आहे आणि माझीही तशी इच्छा आहे. शिवाय माझी नऊ वर्षांची मुलगी 'मलाही शिकायचे आहे' असे म्हणत असते, त्यामुळे घरात एक वाद्य येणार हे नक्की आहे.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा दुकानदाराने तबल्याची जोड, नट-बोल्टचा पखवाज, ढोलकी आणि जेंबे अशी चार वाद्ये समोर ठेवली आणि प्रत्येकाबद्दल 'नवशिक्यासाठी हेच उत्तम' असे सांगितले. माझी तयारी दहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आहे. कोणत्या वाद्यापासून सुरुवात करावी, नवे घ्यावे की वापरलेले, दुकानात वाद्य कसे पारखावे आणि सदनिकेत राहून शेजाऱ्यांना त्रास न देता सराव कसा करावा, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

शाईपुडी

बालाघाटकर, आपण वाद्यापासून सुरुवात केली आहे. माझ्या मते प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवावा. पहिली गोष्ट म्हणजे आपण कोणाच्या साथीला बसणार आहात, आणि दुसरी म्हणजे आपल्या घरापासून आठवड्यातून दोनदा जाता येईल एवढ्या अंतरावर कोणते वाद्य शिकवणारी व्यक्ती आहे. या दोन उत्तरांनंतर निवडीला फारसा वाव उरतच नाही. मी छत्रपती संभाजीनगरात अनेक वर्षे तबला शिकवतो. घरी आधी वाद्य आणून मग गुरू शोधणाऱ्यांची वाद्ये बहुधा खोळीतच राहतात, असा माझा अनुभव आहे.

आता वाद्यांबद्दल. तबल्यात उजव्या हाताची बोटे स्वतंत्रपणे काम करतात. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकवून तर्जनीने चाटेवर (काठालगतच्या कातड्याच्या पट्टीवर) 'ना' काढणे ही पहिल्या धड्यातली गोष्ट असली, तरी ती स्वच्छ वाजायला अनेकांना काही आठवडे लागतात. डाव्या हाताचे मनगट डग्ग्यावर टेकवून दाब कमीजास्त करत 'घे'ला जी मींड (सुराची घसरण) द्यायची असते, ती तर आणखी उशिरा येते. पखवाज मुख्यतः खुल्या हाताचा आहे. त्यात पूर्ण पंजाची थाप असते, बोल मोकळे आणि भारदस्त असतात, आणि भजनाचा साधा ठेका कानाला सुसह्य वाटण्याइतपत त्यावर लवकर वाजू लागतो. ढोलकी दिसायला सोपी असली, तरी तिच्या शाईच्या बाजूला तबल्याचीच बोटे लागतात आणि वेग तबल्याहून अधिक लागतो. त्यामुळे 'आधी ढोलकी शिकू, मग तबला' हा क्रम मला पटत नाही.

मुलीला पुढे परीक्षा द्यायच्या असतील, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या तबला आणि पखवाज या दोन्हींसाठी आहेत. परीक्षेसाठीच शिकावे असे मी म्हणणार नाही. परंतु लहान मुलांना पुढचा टप्पा दिसत राहिला की ती टिकून राहतात.

गोदाकाठ

शाईपुडी यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याच कसोटीवर मला इथे पखवाजाखेरीज दुसरे उत्तर दिसत नाही. मंडळ भजनी आहे, काम ठेका धरण्याचे आहे आणि राहणे मराठवाड्यात आहे. आमच्या गंगाखेड भागात एकही गाव असे सापडणार नाही, जिथे मृदंग, म्हणजेच पखवाज, वाजवणारा माणूस नाही किंवा पूर्वी नव्हता. जोग महाराजांनी १९१७मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून आळंदीला जाऊन कीर्तन, गायन आणि मृदंग शिकून येण्याची वाट आपल्याकडच्या मुलांसाठी रुळलेली आहे. ही मुले परत आल्यावर सप्ताहांमध्ये वाजवतात आणि गावात शिकवतातही. तेव्हा गुरूचा शोध शहरातल्या संगीत क्लासपुरता ठेवू नका. जवळपासच्या अखंड हरिनाम सप्ताहाला जा, कीर्तनात मृदंगाला कोण बसले आहे ते पाहा आणि कीर्तन संपल्यावर त्यांना भेटा.

मराठवाड्यातल्या पखवाजाचा विषय निघाला की बीड जिल्ह्यातले पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वारकरी मृदंगाची बैठक असलेला माणूस शास्त्रीय रंगमंचावर एकल वादन करून सन्मान मिळवू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून 'पखवाज भजनापुरता असतो' असे कोणी सांगितले, तर त्याचे ऐकू नका. चौताल आणि धमार यांची संपूर्ण ध्रुपद परंपरा त्याच्यावर उभी आहे.

वाद्य घेताना दोन प्रकार समोर येतील. एकात कातडी वादी (ताण देणारी पट्टी) आणि तिच्याखाली लाकडी गट्टे (ठोकळे) असतात, दुसऱ्यात लोखंडी कड्या आणि नट-बोल्ट असतात. नवशिक्याला नट-बोल्टचा सोयीचा वाटतो, कारण पाना फिरवला की सूर चढतो किंवा उतरतो. मात्र असा पखवाज वजनाला जड पडतो, पावसाळ्यात बोल्टना गंज चढतो, आणि एकाच बाजूचे बोल्ट आवळत राहिल्यास पुडी (तोंडावरचे कातडे) तिरकी ताणली जाऊन फाटते. बसून वाजवणार असाल तर वजनाची अडचण नाही. दिंडीत गळ्यात अडकवून उभ्याने वाजवायचा असेल, तर दुकानातच पट्टा लावून थोडा वेळ उभे राहून पाहा. खांदा लगेच निर्णय देईल.

मांजरातीर

मी धाराशिवची आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत एका वाद्याचा उल्लेखही नाही, म्हणून लिहिते. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत वाजणारी दिमडी कोणी विचारातच घेत नाही. डाव्या हाताच्या पंजात मावणारे, उजव्या हाताच्या बोटांनी वाजणारे, एका तोंडाचे हे वाद्य तबल्याच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळते. त्याला सूर लावण्याचा व्याप नसतो, आणि लय हातात बसली आहे की नाही हे ते लगेच उघड करते. ज्यांना आपल्याला लयीची गोडी आहे का एवढेच आधी तपासायचे आहे, त्यांनी दिमडीपासून सुरुवात केल्यास पैसे वाया जाणार नाहीत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांनी चांगली दिमडी ऐकली आहे, ते तिला दुय्यम म्हणणार नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. दिमडी आणि खंजिरी यांना पूर्वी घोरपडीचे कातडे लावत असत, आणि 'अस्सल आवाज त्याचाच' असे सांगणारे आजही भेटतात. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचे कातडे विकणे, विकत घेणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. बोकडाच्या कातड्याची दिमडी मागून घ्या. आवाजात फरक पडतो हे मान्य आहे, तरी शिकणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

हलगी आणि संबळ यांची नावे आपल्याकडे सहज पुढे येतात. तुळजापूरच्या वाटेवर संबळ ऐकून कोणाचेही मन त्याकडे ओढ घेईल. पण ही दोन्ही वाद्ये काड्यांनी वाजतात. त्यांचा हात वेगळा आहे, त्यामुळे धागाकर्त्यांच्या प्रश्नात ती बसत नाहीत.

ढोलकीबद्दल शाईपुडी यांनी दोन वाक्यांत विषय संपवला, तो मात्र मला अपुरा वाटतो. आपल्याकडे लावणी, शाहिरी, भीमगीते आणि कित्येक गावांतले भजनसुद्धा ढोलकीवर चालते. ज्याच्या आसपास ढोलकीच वाजते आणि शिकवणाराही ढोलकीचाच आहे, त्याने आधी तबला शिकण्याचा वळसा कशासाठी घ्यावा? विकत घेताना एवढे मात्र पाहावे की ढोलकी आणि उत्तरेकडचे ढोलक ही दोन वेगळी वाद्ये आहेत. उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याहून येणाऱ्या ढोलकाच्या उजव्या पुडीला बाहेरून शाई नसते. आपल्या ढोलकीला ती असते आणि तिचा सूर पेटीशी जुळवता येतो. नाव न विचारता केवळ आकार पाहून घेतल्यास घरी येते ते भलतेच.

जालन्याचा_ठोका

जेंबेविषयी थोडेसे, कारण तो दुकानदाराने समोर ठेवला आहे आणि मी तो वाजवतो. हे पश्चिम आफ्रिकेतल्या माली, गिनी या भागातले वाद्य आहे. त्यात मुख्य आवाज तीन: मध्यभागी पंजाचा खर्ज, काठाजवळ बोटे जुळवून काढलेला मोकळा आवाज, आणि बोटे सैल सोडून काढलेला तीक्ष्ण फटका. कृत्रिम पुडीचा जेंबे हवामानाने बिघडत नाही, आणि चार जणांच्या गटात पहिल्याच दिवशी काहीतरी वाजवता येते. पेरूमधून आलेला काहोन तर बसायची लाकडी पेटीच आहे. तो ना सैल पडतो, ना फाटतो.

तरीही बालाघाटकर यांनी जेंबे घेऊ नये असे मला वाटते. त्यांच्या मंडळात गजर सुरू झाला आणि टाळ चढले की जेंबेचा आवाज त्यात विरून जाईल. शिवाय धुमाळीचा ठेका त्यावर वाजवून दाखवणारा शिक्षक लातूर भागात शोधत बसावे लागेल. मुलीला मित्रमैत्रिणींसोबत गिटारच्या साथीला काही हवे असेल, तर गोष्ट वेगळी.

शाईपुडी

मांजरातीर ताईंचा ढोलकीबद्दलचा आक्षेप योग्य आहे. गुरू ढोलकीचा असेल तर ढोलकीच घ्यावी. आता दुकानात काय पाहायचे ते लिहितो. मी तबला समोर ठेवून लिहीत असलो, तरी पखवाज आणि ढोलकीच्या शाईच्या बाजूला यातले बहुतेक लागू पडते.

दुकानात जाण्याआधी मंडळाच्या पेटीवर गायची पट्टी पाहून ठेवा. पुरुष बहुतेक वेळा काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) आसपास गातात. त्या पट्टीच्या तबल्याचे तोंड साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच असते. तोंड जितके मोठे, तितका सूर खालचा. एकाच तबल्याला वरखाली फार तर एखाद-दुसऱ्या सुराइतकाच ताण सोसतो, म्हणून 'हा कोणत्याही पट्टीत लागेल' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. यात एक सोय अशी आहे की काळी एकला लावलेला तबला पुरुषांना षड्ज म्हणून चालतो, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या महिलांना तोच मध्यम म्हणून चालतो. घरात एकच तबला ठेवायचा असल्यास काळी एक ही निवड म्हणूनच बहुतेकांना सोयीची पडते.

आता खोड. शिसम, खैर, बिबळा, कडुनिंब, आंबा अशी लाकडे वापरात असतात. शिसमाचे खोड जड असते आणि वर्षानुवर्षे टिकते. आंब्याचे हलके असते आणि त्याला कीड लवकर लागते. वरून गडद रंग आणि चकचकीत पॉलिश केलेले खोड मी नेहमी संशयाने पाहतो, कारण भेगांमध्ये भरलेली लांबी (पुट्टी) त्याखाली झाकली जाते. खोडाच्या तळापासून वरपर्यंत बोटाने हलकेच टकटक करत जावे. एखाद्या ठिकाणी आवाज अचानक पोकळ किंवा फुटका आला, तर ते वाद्य बाजूला ठेवावे. किडीची बारीक छिद्रे आणि त्याखाली पडलेला भुसा दिसला, तर स्वस्त मिळत असूनही घेऊ नये.

यानंतर पुडी, आणि खरा वेळ येथेच द्यावा. गजऱ्यात (पुडीभोवतीच्या विणलेल्या काठात) वादी ओवण्याची सोळा घरे असतात. त्यांतल्या एकाआड एक आठ ठिकाणी चाटेवर तर्जनीने 'ना' वाजवत फिरा. सूर सगळीकडे एकच आला पाहिजे. एक-दोन ठिकाणी किंचित फरक असेल, तर दुकानदाराला हातोडीने मिळवून दाखवायला सांगा; गजऱ्यावर वरून ठोकल्यास सूर चढतो आणि खालून ठोकल्यास उतरतो. त्याने पाच-सात मिनिटांत सूर मिळवून दिला, तर पुडी चांगली आहे. तो कारणे सांगू लागला, तर खोडाचा काठ असमान असण्याची शक्यता आहे, आणि तो दोष घरी आणल्यावर दुरुस्त होत नाही. गट्टे आताच खोडाच्या तळाशी जाऊन बसलेले असतील, तर पुढे सूर चढवायला जागाच उरलेली नाही, असे समजावे.

शाई हा या वाद्यांचा प्राण आहे. लोहचूर्ण आणि पिठाची खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती बसवतात. घोटताना तिच्यात बारीक तडे पडतात, आणि ते असावेच लागतात. साध्या ढोलाच्या पुडीतून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात, तर शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर सुरेल होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह १९२०मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याविषयी लिहिले होते. आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने जपलेली गोष्ट त्यांनी भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडली, याचे मला नेहमी कौतुक वाटते. आपल्याला दुकानात एवढेच करायचे आहे: शाईची खपली कुठे उडालेली नाही ना ते पाहावे, आणि मोकळा 'तूं' वाजवून आवाजात झरझर येत नाही ना ते ऐकावे. झरझर येत असेल, तर शाई सुटू लागली आहे.

डग्गा पितळेचा किंवा तांब्याचा घ्यावा. पातळ पत्र्याचा डग्गा स्वस्त असतो, पण त्यातून 'घे'चा गुंजन येत नाही, डब्याचा आवाज येतो. उचलून पाहिल्यावर तो हाताला जड लागला पाहिजे. माझ्या मते तीन किलोच्या खालचा डग्गा घेऊ नये. दहा हजारांत शिसमाचा तबला आणि जड पितळी डग्गा अशी नवी जोड मिळवणे कठीण जाईल. तेव्हा डग्ग्याला निकेलचा मुलामा नसला तरी चालेल, खोळ साधी असली तरी चालेल. पुडी आणि खोड यांत मात्र काटकसर करू नये.

बालाघाटकर (धागाकर्ता)

एवढे तपशीलवार लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. पेटीवर पाहिले, आमचे मंडळ काळी एकमध्येच गाते. चौकशी केल्यावर शेजारच्या गावात आळंदीहून शिकून आलेले एक तरुण मृदंगवादक शिकवायला तयार झाले आहेत. मुलीच्या शाळेजवळ मात्र तबल्याचा वर्ग आहे. आता प्रश्न असा उरतो की दोघांना दोन वाद्ये घ्यायची झाल्यास त्यांतले एखादे वापरलेले घ्यावे का? नऊ वर्षांच्या मुलीला लहान आकाराचा तबला लागतो का? ती डावखुरी आहे, हेही सांगायला हवे. आणि सदनिकेतल्या सरावाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही.

शाईपुडी

वापरलेला तबला अवश्य घ्या. पुडी ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलता येते आणि नव्या वाद्यालाही कधीतरी बदलावीच लागते. टिकते ते खोड. वापरलेले वाद्य घेताना पुडी फाटलेली असेल, तर उलट चांगले, कारण खोड आतून पाहता येते आणि किंमतही उतरवून घेता येते. फक्त पुडी बसवण्याचा खर्च आधी विचारून तो किमतीत धरावा.

बाजारात मिळणारा खेळण्यातला छोटा तबला मुलीला देऊ नका. त्यावर बोल उमटत नाहीत आणि चुकीचा हात बसतो. पाच-सव्वापाच इंची तोंडाचा नेहमीचा तबला आणि जरा लहान घेराचा डग्गा तिला पुरेल. बसताना तिच्या खाली घडी केलेली सतरंजी द्या, म्हणजे कोपर पुडीच्या वर राहील. डावखुरी असल्यास तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे ठेवून शिकवता येते. मात्र ही मांडणी पहिल्या दिवशीच गुरूंना विचारून ठरवा. सहा महिन्यांनी बदलणे त्रासाचे होते.

सदनिकेतल्या सरावासाठी पढंत हा सर्वांत उत्तम उपाय आहे. हाताने टाळी-खाली दाखवत बोल तोंडाने म्हणायचे. तीनतालाच्या सोळा मात्रा, केरव्याच्या आठ, दादऱ्याच्या सहा, या आधी तोंडात पक्क्या झाल्या की हात पुढे फार अडत नाही. वाद्यावरचा सराव संध्याकाळी ठरावीक वेळी करा, चुंबळीखाली जाड सतरंजी घाला, आणि भिंतीला लागून बसू नका. पुडीवर पातळ सुती रुमाल टाकूनही बोटांचा सराव होतो. पण तो नादाचा सराव नव्हे, हे मुलीला सांगून ठेवा.

बोरीबाभळी

चित्रफिती पाहून शिकता येईल का, हा प्रश्न येथे अजून आलेला नाही. पण येणारच आहे, म्हणून लिहितो. ठेके माहीत होतात, हात बसत नाही. कोणत्या बोटाचा दाब चुकला हे पडदा सांगत नाही. मात्र एकट्याने सराव करताना लेहऱ्याचे (तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेचे) ॲप लावून बसणे फार उपयोगी पडते. लय पळते की रेंगाळते हे त्याने आपोआप लक्षात येते. सुरुवातीला लय इतकी संथ ठेवावी की कंटाळा येईल.

गोदाकाठ

बालाघाटकर, मृदंगाचे गुरू मिळाले हे वाचून आनंद झाला. आता देखभालीबद्दल थोडे, कारण मराठवाड्याचा उन्हाळा वाद्याची परीक्षा पाहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडी असते, कातडे आक्रसते आणि सूर आपोआप चढतो. अशा दिवसांत वादन झाल्यावर सूर थोडा उतरवून ठेवावा. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत वाद्य ठेवल्यास शाई तडकते. पावसाळ्यात याच्या उलट होते. पुडी सैल पडते आणि आवाज बसतो. तेव्हा वाद्य चुलीजवळ किंवा हिटरसमोर धरणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केल्यास कातडे ठिसूळ होते. कोरड्या कापडाने पुसून खोळीत घालून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवणे पुरते.

पखवाजाच्या धुमेला (डाव्या पुडीला) लावायची कणीक ही वेगळी विद्या आहे. गव्हाचे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा थोडे सैल मळावे, पुडीवर पाण्याचे बोट फिरवावे आणि मधोमध गोल थापावे. कणीक वाढवली की धूम खाली उतरते, थोडी काढली की चढते. उजव्या बाजूच्या षड्जाचा खालचा षड्ज धुमेत मिळेपर्यंत हे कमीजास्त करत राहायचे. भजन संपले की कणीक लगेच काढून पुडी ओल्या फडक्याने पुसावी. रात्रभर तशीच ठेवल्यास ती वाळून कातड्याला धरते आणि झुरळे व उंदीर पुडीच कुरतडतात. आमच्याकडच्या एका देवळातल्या मृदंगाची पुडी दरवर्षी बदलावी लागते, ती वादनामुळे नव्हे, उंदरांमुळे.

मांजरातीर

गोदाकाठ यांनी लिहिल्याप्रमाणे मळलेली कणीक उन्हाळ्यात तासाभरात कडेने सुकू लागते आणि धूम मध्येच चढते. दोन अभंगांच्या मधे ओले बोट फिरवता यावे म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवण्याची सवय लावून घ्या.

बालाघाटकर (धागाकर्ता)

ठरवले ते असे: मुलीसाठी ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडचा वापरलेला शिसमी तबला आणि पितळी डग्गा घेत आहे, पुडी नवी बसवावी लागेल. माझ्यासाठी वादीचा पखवाज घ्यावा असे गुरुजींनी सुचवले आहे आणि त्यासाठी पंढरपूरला जायला सांगितले आहे. दोन्ही मिळून खर्च ठरवल्यापेक्षा वाढणार, हे घरात मान्य झाले आहे. आषाढीला दर्शनाला जाणारच आहोत, तेव्हाच पखवाज घेऊन यावा असा विचार आहे.

गोदाकाठ

आषाढीला दर्शन घ्या, वाद्य घेऊ नका. वारीच्या आधीचे आणि वारीतले दिवस कारागिरांना दिंड्यांच्या पुड्या भरण्यातच जातात. तुमच्या वाद्याला कोणी निवांत वेळ देऊ शकणार नाही, आणि गर्दीत तुम्हालाही सूर नीट ऐकू येणार नाही. पौर्णिमेचा काला होऊन आठ-पंधरा दिवस गेले की एखाद्या आडवारी जा, आणि शक्य असल्यास गुरुजींना सोबत न्या. 'काळी एकला लावून द्या' असे आधी सांगा, आपल्यासमोर पुडी चढवून घ्या, आणि नवी वादी पहिल्या काही दिवसांत ताण सोडते, म्हणून पुन्हा खेचून देण्याचे बोलून ठेवा. ते दूर पडत असेल, तर वादी खेचायला तिथेच शिकून या. येताना एसटीने येणार असाल, तर पखवाज डिकीत टाकू नका. खोळीत घालून आडवा मांडीवर घ्या आणि शाईची बाजू खिडकीच्या उन्हाकडे येऊ देऊ नका.